बोलता येणाऱ्यांचीच ओपीडी

सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात डॉक्टरांसमोर पोहोचेपर्यंत रुग्णाला काय काय करावे लागते, हे एकदा नीट पाहावे. आधी केसपेपरच्या खिडकीशी रांग लावायची. आतल्या अनोळखी कर्मचाऱ्याला, मागे उभ्या असलेल्या दहा जणांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, काय होते ते सांगायचे. मग व्हरांड्यातल्या बाकावर खांद्याला खांदा लावून, नंबर केव्हा येईल याचा काहीही अंदाज नसताना, बसून राहायचे. गलबल्यात आपले नाव पुकारलेले ओळखून ताबडतोब उठायचे. आणि आत गेल्यावर चार-पाच मिनिटांत, समोरच्याच्या नजरेला नजर देत, मनात काय चालले आहे ते शब्दांत मांडायचे. उदास किंवा घाबरलेल्या कोणालाही हे जड जाते. परंतु ज्याला अनोळखी माणसाशी पूर्वतयारीशिवाय बोलता येत नाही, ज्याला गर्दीतला स्पर्श अंगाला भाजल्यासारखा लागतो, ज्याला दहा आवाजांतून एक आवाज वेगळा काढता येत नाही आणि ज्याला स्वतःच्या भावनेचे नाव चटकन सापडत नाही, अशा ऑटिस्टिक प्रौढासाठी यातली प्रत्येक पायरी हीच एक परीक्षा असते. कित्येक जण मधल्याच एखाद्या पायरीवरून घरी परततात, आणि नोंदवहीत त्यांची नोंद ‘आले नाहीत’ एवढीच उरते.

खान्देशात ऑटिस्टिक प्रौढांना मानसिक आरोग्याची सेवा मिळावी, असा विषय निघाला की बोलणे लगेच स्वतंत्र केंद्राकडे, नव्या इमारतीकडे आणि पुण्या-मुंबईहून यायच्या तज्ज्ञांकडे वळते. केंद्र झाले तर कोणाला नको आहे? पण माझे म्हणणे असे की ते होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. जी दारे आज उघडी आहेत त्यांतून आत जाण्याची पद्धत आणि आत गेल्यावर विचारले जाणारे प्रश्न बदलले, तर आहे त्या डॉक्टरांत आणि आहे त्या खोल्यांत पुष्कळ काही साधण्यासारखे आहे.

आधी शब्दाविषयी थोडे. ऑटिझमला मराठीत ‘स्वमग्नता’ म्हणतात, आणि हा शब्द मला नेहमीच अन्यायकारक वाटत आला आहे. मूळ शब्द स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे एक लक्षण सांगण्यासाठी घडवला. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचे वर्णन करताना तो उचलला, आणि स्वतःत बुडालेपणाचा अर्थ त्याला तिथून चिकटला तो चिकटलाच. प्रत्यक्षात अनेक ऑटिस्टिक माणसांची अडचण उलटी असते. बाहेरचे जग त्यांच्यावर फार जोरात आदळते. ट्यूबलाइटची गुणगुण, फोडणीचा वास, सदऱ्याच्या आतल्या शिवणीचे टोचणे, यातले काहीच त्यांना मागे सारता येत नाही. अशा माणसाला आपल्या गावांत ‘घुम्या’, ‘एककल्ली’, ‘तऱ्हेवाईक’ म्हणतात आणि राग आला की सरळ ‘येडा’. या शब्दांत निदान एवढा प्रामाणिकपणा आहे की हा माणूस गावातच, आपल्यातच आहे, हे ते मान्य करतात. सरकारी कागदाला तो दिसतच नाही.

न दिसण्याचे कारण वयात आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला आणि त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. विकासात काही मागेपुढे आढळल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. व्यवस्था चांगली आहे. परंतु आज ज्यांनी तिशी ओलांडली आहे त्यांचे बालपण ती येण्यापूर्वीच संपले होते, आणि जी मुले तिच्या नजरेत आली त्यांच्यासाठीही अठराव्या वाढदिवसानंतर पुढचे दार कोणते, हे कोणी सांगत नाही. ऑटिझम मात्र अठराव्या वर्षी संपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे १२७ माणसांमागे एक ऑटिस्टिक होता. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ७९ लाखांच्या आसपास होती. जगाचा अंदाज आपल्याकडे जसाच्या तसा लावू नये, हे मान्य. निम्मा धरला तरी खान्देशातल्या ऑटिस्टिक प्रौढांची संख्या हजारांत जाते. ही माणसे कुठे आहेत? अडतीवर हिशेब लिहीत आहेत, शाळेत गणित शिकवत आहेत, बोअरवेलच्या मोटारी दुरुस्त करत आहेत, आणि काही जण मागच्या खोलीत कडी लावून बसलेले आहेत.

इथे एक गफलत टाळली पाहिजे. ऑटिझम हा मानसिक आजार नव्हे. मेंदूची ती जन्मापासूनची घडण आहे, आणि ती ‘बरी’ करण्यासाठी कोणी मानसोपचार विभागात जात नाही. पण या घडणीच्या माणसांना नैराश्य आणि चिंताविकार इतरांपेक्षा फार अधिक प्रमाणात गाठतात. ऑटिस्टिक प्रौढांवरच्या अनेक अभ्यासांचे एक एकत्रित विश्लेषण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात आयुष्यात कधी ना कधी चिंताविकार झालेल्यांचे प्रमाण सुमारे ४२ टक्के आणि नैराश्य आलेल्यांचे ३७ टक्के निघाले. इंग्लंडमध्ये प्रौढ वयात अ‍ॅस्पर्जरचे, म्हणजे ऑटिझमच्याच एका प्रकाराचे, निदान झालेल्या ३७४ जणांची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्यांपैकी ६६ टक्के लोकांनी आपल्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचे सांगितले. ज्यांना या विभागाची गरज सर्वांत जास्त आहे, त्यांनाच त्याची रचना सर्वांत जास्त अडवते.

माझा आतेभाऊ छत्तीस वर्षांचा आहे. रावेरकडे केळीच्या व्यापाऱ्याकडे तो हिशेब ठेवतो. गाड्या किती भरल्या, रास किती, भाव काय, यात त्याची कधी चूक झालेली नाही. पण लग्नकार्याला तो मांडवाच्या बाहेर, जनरेटरपासून लांब उभा असतो, आणि कोणी खांद्यावर हात ठेवला की दचकतो. तीन वर्षांपूर्वी त्याची झोप उडाली, जेवण सुटले आणि महिनाभर तो कामाला गेला नाही, तेव्हा आत्या आणि मी त्याला एका रुग्णालयात घेऊन गेलो. अडीच तास बसल्यावर आत गेलो. डॉक्टरांनी विचारले, ‘काय त्रास होतो?’ तो गप्प. आत्या म्हणाली, ‘त्याले काय इचारता, मले इचारा.’ मग डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, ‘आजूबाजूला कोणी नसताना आवाज ऐकू येतात का?’ आतेभावाने क्षणभर विचार करून प्रामाणिकपणे सांगितले, ‘हो, येतात.’ त्याच्या खोलीत कोणी नसते आणि दोन घरे सोडून असलेल्या पिठाच्या गिरणीचा आवाज त्याला रात्री साडेनऊपर्यंत येत असतो, हे त्याला पुढे विचारलेच गेले नाही. केसपेपरवर जे लिहिले गेले ते मनोविकृतीच्या, म्हणजे भास-भ्रमांच्या आजाराच्या, बाजूने झुकणारे होते, आणि ज्या गोळ्या मिळाल्या त्यांनी तो चौदा-चौदा तास झोपू लागला.

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. बाहेर साठ माणसे बसलेली असताना कोणीही तोच प्रश्न विचारला असता. दोष प्रश्नाच्या घडणीत आहे. शब्दाचा जेवढा अर्थ तेवढाच घेणारे मन समोर असेल, तर आपली नेहमीची तपासणी चुकीच्या उत्तराकडे नेते; नजर न देणे म्हणजे संशय, सपाट आवाज म्हणजे भावना बोथट झाल्याची खूण, आणि एका विषयावर सलग बोलणे म्हणजे भ्रम, असे अर्थ लावले जातात. स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक घडी पडते. सासरी-माहेरी चारचौघींसारखे वागण्याचा सराव त्यांनी लहानपणापासून इतका कसोशीने केलेला असतो की त्यांचा ऑटिझम वरून दिसतच नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली मुलगी झोक्यावर, गाण्यांत सगळ्यांबरोबर असते आणि दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीतून बाहेर येत नाही, तेव्हा घरचे दृष्ट काढतात. या मुखवट्याची किंमत थकवा आणि नैराश्य यांच्या रूपाने चुकती होते, असे आता अनेक अभ्यास सांगतात.

चुकीच्या औषधाचा मुद्दा किरकोळ नाही. इंग्लंडमध्ये ऑलिव्हर मॅकगोवन हा अठरा वर्षांचा ऑटिस्टिक तरुण २०१६ मध्ये रुग्णालयात मरण पावला. त्याला मनोविकृतीवरचे औषध नको, असे त्याने आणि त्याच्या आईवडिलांनी सांगितलेले असतानाही ते देण्यात आले होते. त्याच्या आईने चालवलेल्या मोहिमेनंतर तिथे २०२२ च्या कायद्याने आरोग्यसेवेतल्या कर्मचाऱ्यांना ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता यांविषयीचे प्रशिक्षण सक्तीचे झाले. हे प्रशिक्षण फक्त डॉक्टरांना नाही, हे मला त्यातले सर्वांत शहाणपणाचे वाटते. कारण आपल्याकडेही माणूस परत जातो तो बहुधा डॉक्टरांच्या टेबलावरून नव्हे, केसपेपरच्या खिडकीवरून.

मग बदलायचे काय? पहिली गोष्ट, वेळ. ‘सोमवारी सकाळी या’ ही आपली वेळ देण्याची पद्धत आहे. त्याऐवजी ‘गुरुवारी तीन वाजून वीस मिनिटांनी’ अशी वेळ देता आली पाहिजे, आणि उशीर होणार असेल तर किती, हे मोबाइलवर एका ओळीने कळवता आले पाहिजे. आठवड्यातला एक निवांत तास अशा रुग्णांसाठी बाजूला ठेवला तरी पुरते. रुग्णाने बाकावरच बसले पाहिजे असे कोणी ठरवले आहे? आवारातल्या लिंबाखाली किंवा रिक्षात बसून त्याला थांबू द्यावे आणि नंबर आला की मिस्ड कॉल द्यावा. खोलीतली एक ट्यूब बंद करावी. पंखा बंद करा, असे मात्र मी म्हणणार नाही. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि पंखा बंद करणे हा वेगळाच आजार होईल. म्हणूनच उन्हाळ्यात ही वेळ सकाळची आठची असावी, दुपारची नसावी. दिल्ली-बंगळुरूच्या मार्गदर्शिकेत असल्या गोष्टी सापडायच्या नाहीत. त्या इथल्याच माणसांनी ठरवायच्या आहेत.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, लिहिण्याची मुभा. जो माणूस बोलताना अडतो तो पुष्कळदा लिहिताना अडत नाही. प्रश्नांचे एक पान आधीच्या भेटीत किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर घरी द्यावे आणि उत्तरे लिहून आणू द्यावीत. प्रश्नही नेमके असावेत. ‘मन कसं आहे?’ याला उत्तर नाही. ‘गेल्या सात रात्रींपैकी किती रात्री तीन तासांपेक्षा कमी झोप झाली?’ याला आहे. ‘मन मोकळं करा’, ‘डोक्यावरचं ओझं उतरवा’, ‘सगळं मागे टाका’ ही समुपदेशनाची आपली भाषा उपमांनी गच्च भरलेली आहे, आणि ती ऐकून काय करायचे हे ज्याला कळत नाही त्याला आपण ‘प्रतिसाद देत नाही’ असे लिहून मोकळे होतो. उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने ऑटिस्टिक प्रौढांसाठी २०१२ मध्ये काढलेल्या सूचनांत हेच सांगितले आहे: उपमा टाळाव्यात, लेखी आणि चित्रांकित साहित्य वापरावे, मध्ये विश्रांती द्यावी, आणि माणसाला ज्या विषयाची गोडी आहे तो विषय उपचारात आणावा. यातल्या एकाही गोष्टीला यंत्रसामग्री लागत नाही.

तिसरी गोष्ट सातत्याची. वैद्यकीय महाविद्यालयांत शिकाऊ डॉक्टर बदलत राहतात आणि दर खेपेला नवा चेहरा, तीच कहाणी, पुन्हा पहिल्यापासून. केसपेपरच्या पहिल्या पानावर चार ओळींची नोंद असावी: याला कशाचा त्रास होतो, याच्याशी कसे बोलावे, हा अस्वस्थ झाला तर काय करावे आणि काय करू नये. ही नोंद रुग्णाच्या संमतीने आणि शक्यतो त्याच्याच शब्दांत असावी.

यावर येणारा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो पोकळ नाही. लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या देशात, राज्याची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चारही खान्देशाबाहेर असताना, तीव्र आजाराच्या रुग्णालाच खाट मिळत नाही तिथे हे लाड कशासाठी? उत्तर सोपे आहे. माझ्या आतेभावाने चुकीच्या निदानापायी त्याच विभागाच्या अकरा खेपा केल्या. अकरा वेळा कोणाचा तरी नंबर त्याच्यामुळे मागे गेला. सुरुवातीच्या एका भेटीत पंचवीस मिनिटे आणि एक लिहिलेले पान मिळाले असते, तर त्यातल्या नऊ खेपा वाचल्या असत्या. वेळ कमी आहे, हे प्रश्न नेमके विचारण्याच्या बाजूचे कारण आहे, विरोधातले नाही. शिवाय ठरलेली वेळ, लेखी प्रश्न आणि शांत कोपरा यांचा उपयोग तोतऱ्या माणसाला, कमी ऐकू येणाऱ्याला, पहिल्यांदाच बाहेर पडलेल्या बाईलाही होतो. ऑटिस्टिक असल्याचे प्रमाणपत्र त्यासाठी कोणाला दाखवावे लागू नये.

प्रमाणपत्राचा विषय निघालाच आहे तर तेही पाहू. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा २१ प्रकारचे दिव्यांगत्व मानतो आणि त्यात ऑटिझम आहे. या कायद्याचे २५ वे कलम सरकारी व खासगी रुग्णालयांत अडथळेमुक्त प्रवेश आणि उपचारांत प्राधान्य देण्यास सांगते. आपण अडथळेमुक्त म्हणजे उताराचा रॅम्प एवढाच अर्थ घेतला, रॅम्प बांधून त्यापुढे दुचाक्या लावल्या, आणि विषय संपवला. गलबला हाही अडथळा असतो, हे त्या कलमात बसू शकते. बसवायला अधिष्ठाता आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांच्या एका परिपत्रकाहून अधिक काही लागत नाही. मूल्यमापनाची जी भारतीय पट्टी वापरतात तिच्यात ४० बाबी आहेत आणि ७० पेक्षा कमी गुण मिळाले तर ऑटिझम नाही असे धरले जाते. तीस वर्षे मुखवटा सांभाळलेला प्रौढ या पट्टीवर सहज कमी भरतो. त्यामुळे प्रमाणपत्र ही सवलतींची अट असेल तर असो, उपचार नीट मिळण्याची अट ती नसावी.

घरच्यांच्या भूमिकेबद्दल लिहिताना हात आखडतो, कारण आत्याने काय सोसले ते मी पाहिले आहे. तरीही प्रौढ माणसाच्या वतीने आईनेच बोलायचे आणि त्याने शेजारी मान खाली घालून बसायचे, ही पद्धत चालू राहणे योग्य नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे कोणाही सज्ञान व्यक्तीला, पुढे आजारी पडल्यास आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत, हे आधीच लिहून ठेवता येते आणि आपला प्रतिनिधी स्वतः नेमता येतो. ही तरतूद जणू ऑटिस्टिक माणसासाठीच केलेली आहे: डोके शांत असताना, स्वतःच्या वेळेत, लिहून. आमच्या भागात ती वापरलेला एकही माणूस मला भेटलेला नाही. आईचे म्हणणे जरूर ऐकावे, पण मुलाच्या परवानगीने आणि त्याचे वाचून झाल्यावर.

नंदुरबारचा प्रश्न याहून बिकट आहे. धडगाव किंवा मोलगीहून सातपुड्याचे घाट उतरून येणाऱ्या माणसाला लिहिण्याची मुभा देऊन काय उपयोग, जर त्याची भाषा पावरी किंवा भिली असेल आणि तो शाळेतच गेला नसेल? तिथे चित्रे लागतील, त्याच्या भाषेतली आशाताई सोबत लागेल, आणि आधी भगताकडे जाऊन आला म्हणून त्याला न हिणवणारा डॉक्टर लागेल. धुळ्याकडच्या खेड्यातही ‘तुले कसं वाटस?’ असे विचारले की जी मान वर होते ती ‘आपणास काय वाटते?’ला होत नाही. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि दूरच्या गावांसाठी ती मोलाची आहे, पण ती मुख्यतः फोनवर बोलण्यावर उभी आहे, आणि अनोळखी माणसाशी फोनवर बोलणे हेच ज्याला जमत नाही त्याला लिहून संवाद साधण्याची सोय तितक्याच ठळकपणे मिळायला हवी.

आतेभावाचे पुढे काय झाले ते सांगतो. दुसऱ्या एका ठिकाणी एका समुपदेशक बाईंनी त्याला पहिल्या भेटीत जवळजवळ काहीच विचारले नाही. त्याच्या हातातली वही पाहिली. तीत रोजचा केळीचा भाव लिहिलेला होता, सात वर्षांचा, एकही दिवस न चुकता. आजारपणाच्या महिन्यातलाही, फोनवर विचारून घेतलेला. बाईंनी शेजारी एक रकाना आखून दिला आणि म्हणाल्या, ‘इथे तुमचा भाव लिहा, शून्य ते दहा.’ त्याने विचारले, कोणत्या वेळचा. त्या म्हणाल्या, केळीचा लिहिता त्याच वेळचा. पुढच्या वेळी तो वही घेऊन गेला तेव्हा सहा आठवड्यांचे आकडे त्यांच्यासमोर होते. कोणत्या वारी घसरण होते, गिरणी बंद असते त्या दिवशी काय होते, रात्रीची गोळी बदलल्यावर किती दिवसांनी फरक पडला, हे त्यांनी पाच मिनिटांत वाचले आणि मनोविकृतीची गोळी हळूहळू कमी करण्याविषयी डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. आतेभाऊ त्या पूर्ण भेटीत तीन वाक्ये बोलला. तिसरे वाक्य, पुढची वेळ किती वाजताची, हे होते. आणि ती त्यांनी कागदावर लिहून दिली.